आधी जमीन कुणाची ते विचारा

जून उजाडला की वृक्षारोपणाच्या मोहिमांवर शंका घेणाऱ्यांना एक ठरलेलं उत्तर मिळतं: तुम्ही नुसती टीका करता, आम्ही निदान झाडं तरी लावतो. शंभरातली तीस जगली तरी तीस झाडं वाढलीच ना? झाड कुठलंही असो, सावली देणारच. आणि बाकी काही साधलं नाही तरी लोक एकत्र येतात, मुलांना मातीची ओढ लागते. हे म्हणणारी माणसं बहुतेक प्रामाणिक असतात. सुटीचा दिवस मोडतात, पदरचे पैसे घालतात, पावसात चिखल तुडवत टेकडीवर चढतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या मते त्यांचा हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे आणि त्यामुळे जमिनीचं, गावाचं आणि खुद्द झाडांचंही नुकसान होत आहे.

तीस जगली तरी पुरे, असं म्हणताना हिशेबात फक्त रोप धरलेलं असतं. मेलेल्या सत्तर रोपांची किंमत कुणी मोजली, हे त्यात येत नाही. लागवड बहुतेक वेळा गावच्या गायरानावर होते. लागवड झाली की तिथे जनावरं सोडायला बंदी येते. ज्याच्या घरी चार एकर बागायत आणि कडब्याची गंजी आहे, त्याला या बंदीचा त्रास नाही. बंदी सोसतो तो मेंढपाळ, दोन शेळ्यांवर घर चालवणारी भूमिहीन बाई, सरपणासाठी त्याच माळावर जाणाऱ्या मुली. दोन वर्षांनी रोपं वाळून जातात, खड्डे बुजतात, कुंपणाची तार चोरीला जाते आणि गवताची दोन वर्षं वाया गेलेली असतात. पुढच्या खेपेस कुणी झाडांचा विषय काढला की ग्रामसभेतून माणसं उठून जातात. संघटनेच्या कामात गावाचा विश्वास हेच भांडवल असतं आणि फसलेली लागवड नेमकं तेच खाते.

हे आजचं नाही. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 च्या जुलैत वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर रोप हातात धरण्याची प्रथा देशभर आहे. महाराष्ट्रात 1982 साली सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग निघाला, रस्त्यांच्या कडा आणि गायरानं सुबाभूळ-निलगिरीने भरली. आकड्यांची चढाओढ अलीकडची. 1 जुलै 2016 रोजी एका दिवसात दोन कोटी, 2017 मध्ये चार कोटी, 2018 मध्ये तेरा कोटी आणि 2019 च्या जुलै ते सप्टेंबरात तेहतीस कोटी, अशी राज्य सरकारची उद्दिष्टं चढत गेली. विभागाविभागांत कोटा वाटला गेला. शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या, सगळ्यांना संख्या मिळाली. संख्या भरायची म्हटल्यावर जिथे खड्डा खणता येईल ती जागा योग्य आणि रोपवाटिकेत जे उपलब्ध असेल ते रोप योग्य, हे ओघानेच आलं. 2021 साली या मोहिमेची चौकशी करायला आमदारांची समिती नेमण्याची घोषणा विधानसभेत झाली. त्यावरून पक्षापक्षांत वाद झाले, होत राहतील. मला त्यातला राजकीय भाग महत्त्वाचा वाटत नाही. माझा आक्षेप असा, की एवढ्या प्रचंड खटाटोपात गावाला फक्त खड्डे खणण्यापुरतं आणि फोटोपुरतं बोलावलं गेलं. कुठे लावायचं, काय लावायचं आणि लावायचं की नाही, हे तिन्ही निर्णय आधीच झालेले होते. आणि हाच साचा आज स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधी आणि गृहनिर्माण सोसायट्या जसाच्या तसा उचलत आहेत.

या साच्याचं फळ काय, याचा एक काळजीपूर्वक अभ्यास हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात झाला आणि 2021 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आला. तिथे कित्येक दशकं सरकारी खर्चाने लागवड चालू होती. संशोधकांना त्या लागवडीमुळे वृक्षाच्छादन वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट जंगलात लोकांच्या उपयोगाची रुंद पानांची झाडं कमी आणि सूचिपर्णी जास्त, असा बदल दिसला. चारा आणि सरपणासाठीही लोकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कांगडा हिमालयात आहे, आपल्याकडची माती आणि पाऊस वेगळा, हे मान्य. पण कागदावरची लागवड आणि जमिनीवरची सावली यांच्यातली ही फारकत ज्याने कुठलंही गायरान तिसऱ्या उन्हाळ्यात चालून पाहिलं आहे त्याला ओळखीची वाटेल.

आता मोठ्या गैरसमजाकडे येतो. झाड नसलेली जमीन म्हणजे उजाड जमीन, हा तो गैरसमज. पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग आणि मराठवाडा पर्जन्यछायेत आहेत. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, पुण्याचा पूर्वेकडचा पट्टा इथलं माळरान जंगल तोडून उरलेलं आहे, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून 2025 मध्ये दाखवून दिलं, की शतकानुशतकांपूर्वीही या मुलखाचं वर्णन गवताळ आणि काटेरी झाडाझुडपांचंच आहे. बाभूळ, बोर, खैर, तरवड ही इथली जुनी रहिवासी. म्हणजे माळ हा आजारी प्रदेश नाही. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवतं, त्यांच्या आधाराने राहणारे चिंकारा, लांडगा, तणमोर, धाविक आणि धनगरांचे मेंढरांचे वाडे हे सगळं मिळून तो एक पूर्ण संसार आहे. सोलापूरजवळ नान्नज इथे 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक हा उघड्या गवताळ रानातला पक्षी, दूरवर दिसणं ही त्याची गरज. आज त्याचं दर्शन राज्यात जवळपास थांबलं आहे. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण आपण माळ माळ म्हणून राहू दिला नाही हे त्यातलं मोठं कारण. अशा माळावर ओळीने खड्डे खणून दाट झाडी उभी करणं हे वनीकरण म्हणून साजरं होतं, याचं मला मनापासून दुःख होतं.

इथे हटकून तेहतीस टक्क्यांचा दाखला पुढे येतो. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकूण भूभागाचा किमान एक तृतीयांश भाग वनाखाली किंवा वृक्षाखाली असावा असं म्हटलं. एकूण देशाचा. प्रत्येक तालुक्याने, प्रत्येक गावाने तेहतीस टक्के भरावेत, असं त्यात कुठेही नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या माणदेशाला आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आंबोलीला एकच माप लावणं हा निसर्गाचा अभ्यास नव्हे. झाडं लावली की पाऊस येतो, असंही उत्साहाने सांगितलं जातं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या दुष्काळाच्या धास्तीत ही समजूत फार पसरली. गावच्या टेकडीवरची पाचशे रोपं मोसमी वाऱ्यांची दिशा बदलत नाहीत. उलट कमी पावसाच्या जागी झपाट्याने वाढणारी झाडं दाट लावली तर ती मातीतली ओल ओढून घेतात. निलगिरी लावल्यावर विहिरीत पाणी उरेल का, हा प्रश्न उथळ विहिरींच्या गावाने आधी विचारायलाच हवा.

आणि ‘कुठलंही झाड चालेल’ या म्हणण्याचं उत्तर पुण्याच्या टेकड्यांवर उभं आहे. तिथे गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मोठ्या प्रमाणात लावली गेली. मूळची मध्य अमेरिकेकडची. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, ती कमी पाण्यात तगते, फांदी खोचली तरी फुटते. त्यामुळे जगण्याच्या टक्केवारीत ती नेहमी उत्तीर्ण होते. पण तिच्या दाट राईत खाली गवत नीट येत नाही आणि मुळात उघड्या असलेल्या टेकडीवरची रानफुलं तिच्या सावलीत दबतात. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरीपुष्प चांगलं आहे, तिथे माझा विरोध नाही. कोकणात ऑस्ट्रेलियन बाभळीचं असंच झालं. जगण्याची टक्केवारी हे एकच माप ठेवलं तर प्रत्येक संयोजक अखेर अशाच झाडांपाशी पोचणार. कास आणि कोकणातल्या सड्यांवर तर मातीचा थर वीतभरही नसतो, पण तिथे उगवणारी कंदफुलं जगात इतरत्र क्वचित सापडतात. सड्यावर झाड लावायचं नसतं, एवढं तरी आता सर्वमान्य व्हायला हवं.

मग गावांनी रान उभं केलं ते कसं? हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथे काय झालं ते अर्धंच सांगितलं जातं. 1990 च्या सुमारास गावाने आधी नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पुढे शेतीसाठी बोअरवेलवर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर बंधन. डोंगरावर समतल चर खणले. आणि चराई बंद केली तरी गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, म्हणून जनावरवाल्यांचं पोट बंद झालं नाही, दूध वाढलं. नियम ग्रामसभेत झाले म्हणून ते पाळले गेले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट चालवले. बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2011 मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूरच्या पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूपानाचा हंगामच सोडून दिला, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. हातातली कमाई सोडायचा निर्णय गावाने स्वतः घेतला आणि बांबूवर भर दिला. या गावांच्या कहाणीच्या मुळाशी लागवडीचा दिवस कुठे आहे? सापडत नाही. सापडतात त्या बैठका, भांडणं, नियम, दंड आणि हक्काचा कागद.

आपल्या देवराया हा याच गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा शहरी वाचकांना त्यांचं महत्त्व कळलं. त्या कुणी लावल्या नाहीत. देवाच्या नावाने तिथे कुऱ्हाड नेली नाही, एवढंच लोकांनी केलं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या केलं. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भात उघड्या दिसणाऱ्या कित्येक जागांखाली पळस, धावडा, ऐन, टेंभुर्णी यांची जुनी मुळं अजून जिवंत असतात. दर उन्हाळ्यात वणव्याने आणि चराईने धुमारे मरतात, दर पावसाळ्यात पुन्हा येतात. अशा जागी खड्डे खणताना ती मुळंच तुटतात. तीन-चार वर्षं आग आणि कुऱ्हाड थांबवली तर तेच धुमारे माणसाच्या उंचीवर जातात, कारण खाली मूळ मोठं झालेलं असतं. रोपवाटिकेच्या पिशवीत वर्षभर वळसे घेतलेल्या मुळाला ती ताकद कुठून येणार?

लोकजागृतीचा मुद्दा मात्र मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकायला सर्वांत निर्दोष आहे. लावण्याने झाडाविषयी प्रेम वाढतं, असं म्हणतात. तेहतीस कोटींची मोहीम 30 सप्टेंबर 2019 ला संपली आणि 4 ऑक्टोबरच्या रात्री मुंबईत आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. त्यावर मिळालेलं समर्थन काय होतं? बदल्यात कितीतरी पट रोपं लावली आहेत. 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्याला लोकांनी विरोध केला, तेव्हाही हजारो नवी झाडं आणून लावण्याचं आश्वासन पुढे आलं. रोप आणि जुनं झाड एकाच वहीत एकमेकांसमोर मांडता येतं, ही समजूत वर्षानुवर्षांच्या लागवड सोहळ्यांनीच तयार केली आहे. चाळीस वर्षांच्या झाडाच्या ढोलीत राहणारा पोपट पुढची चाळीस वर्षं कुठे राहील, याचं उत्तर त्या वहीत नसतं. मुलांना झाडाची ओढ लावायची असेल तर उभं असलेलं झाड वाचवण्याच्या कामात त्यांना घ्या. रस्त्यावरच्या झाडाच्या बुंध्याभोवती ओतलेलं सिमेंट फोडायला, खिळे काढायला लावा, वृक्ष प्राधिकरणाने लावलेली तोडीची नोटीस वाचून मुदतीत हरकत लिहायला शिकवा. त्यातही घाम येतो, त्यातही लोक जमतात.

एवढं ऐकल्यावर संयोजक म्हणतात, इतक्या चौकशा करत बसलं तर एकही झाड लागणार नाही. लागेल. कमी लागेल, आणि जे लागेल ते कुणाचं तरी असेल. सुरुवात पावसाळ्यात होत नाही, आदल्या दिवाळीनंतर होते. जागा चालून पाहायची, तीही गावच्या म्हाताऱ्या गुराख्याला आणि सरपण आणणाऱ्या बायांना बरोबर घेऊन. कुठे पूर्वी काय होतं, पाणी कुठे मुरतं, मेंढरं कुठल्या वाटेने येतात, हे त्यांनाच ठाऊक असतं. मग ग्रामसभा, आणि तिच्यात मेंढपाळ हजर हवेत, भले ते चार महिने बाहेरगावी असोत. ते परत येतील तेव्हा सभा घ्या. शेळी ही गरिबाची गाय आहे. तिला शत्रू ठरवून केलेली कुठलीही योजना गरिबाच्या विरोधातच जाते. कुठला तुकडा किती काळ बंद, कुठला उघडा, गवत कोण कापणार, दंड किती आणि तो कोण घेणार, हे आधी ठरायला हवं. आणि सभा ‘इथे नको’ म्हणाली तर ते ऐकायचं. हा नकार पेलायची तयारी नसेल तर त्या कामाला लोकसहभाग म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

पाण्याचं गणित तर कुठल्याच पत्रिकेवर छापलेलं नसतं. पाचशे रोपं, एका रोपाला एका वेळी दहा लिटर, म्हणजे एका फेरीला पाच हजार लिटर, एक टँकर. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत दहा दिवसांनी एक फेरी धरली तर बारा-तेरा टँकर, आणि हे निदान दोन उन्हाळे. ज्या गावात एप्रिलमध्ये प्यायला टँकर येतो तिथे हा टँकर कुठल्या तोंडाने मागणार? म्हणून तिथे पाचशे नव्हे, पन्नास लावा, आणि ती ओढ्याच्या काठी, विहिरीजवळ, शाळेच्या आवारात, जिथे सांडपाणी जातं तिथे लावा. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्या, दोन दमदार पाऊस झाल्यावर लावा, दिवाळीनंतर वाळलेलं गवत कापून जाळरेषा काढा. यातलं काहीही नवीन नाही, प्रत्येक वनमजुराला हे माहीत आहे. पण लागवडीच्या दिवशी भाषण त्याला करू देत नाहीत.

राखणीला मजुरी लागते, हे मान्य करायलाही आपण कचरतो. श्रमदानावर माझा विश्वास आहे, पण तीन वर्षं दुपारच्या उन्हात राखण करणं हे श्रमदान नव्हे, ते काम आहे. रोजगार हमीतून ज्याला आपल्याकडे बिहार पॅटर्न म्हणतात त्यात ठराविक झाडांमागे मजुराला संगोपनाची मजुरी तीन वर्षं मिळण्याची सोय आहे. त्यासाठी हजेरीपत्रक वेळेवर भरलं जाईल, मजुरी वेळेवर पडेल, हा पाठपुरावा करावा लागतो. संयोजकाने रोपं मिळवण्यात जी ओळख आणि शक्ती खर्च केली ती पंचायत समितीच्या खेपांमध्ये खर्च करावी. कंपनीचा निधी येणार असेल तर तो रोपांच्या संख्येवर घेऊच नये. राखणदाराच्या तीन वर्षांच्या पगारावर घ्यावा. असं म्हणताच काही देणगीदार मागे सरतात. सरू द्यावेत.

शेतकऱ्याच्या बांधाबद्दलही बोलायला हवं, कारण मराठवाड्यात खरी जागा तीच आहे. तिथे माती आहे, शेजारी विहीर आहे आणि झाडाला मालक आहे. पण देशी झाडाचं आपोआप उगवलेलं रोप अनेक शेतकरी लहान असतानाच उपटतात, पुढे तोडायला परवानगीचे हेलपाटे नकोत म्हणून. महाराष्ट्रातला वृक्षतोड नियमनाचा कायदा 1964 चा आहे, आणि झाडं वाचवण्यासाठी केलेल्या या कायद्याची बांधावर जी भीती आहे ती दूर केल्याशिवाय तिथे खैरासारखी झाडं वाढणार नाहीत. स्वतः लावलेल्या झाडावर लावणाऱ्याचा हक्क सुटसुटीतपणे नोंदवण्याची मागणी वृक्षप्रेमी संस्थांनी एकत्र येऊन केली, तर तिचा उपयोग कित्येक मोहिमांपेक्षा जास्त होईल.

माझी संयोजकांकडे मागणी एकच आहे आणि ती या जूनपासून पाळता येण्यासारखी आहे. ज्या गावात किंवा वस्तीत लागवड कराल तिथल्या ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फलकावर तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये लिहून लावा: किती रोपं होती, किती आहेत, कुठली मेली आणि कशाने, राखणदाराला किती महिने मजुरी मिळाली, कुणाची चराई किती काळ बंद होती आणि तिच्या बदल्यात त्यांना काय मिळालं. हा फलक लावण्याचं लेखी वचन ग्रामसभेला दिल्याशिवाय तिथे एकही खड्डा खणला जाऊ नये.